सहीचा पाटा

टेम्पोतून ती गाडी खाली उतरवली तेव्हा आमचे मालक म्हणाले, "ही कसली गं चार चाकांची रिक्षा?"

मालक म्हणजे माझा नवरा, दिनकर. आमच्या कोल्हापूरकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी नक्की कुणाची असते ते विचारायचं नसतं.

"रिक्षा न्हवं वो, गोल्फकार्ट म्हंत्यात हिला," गाडीसोबत आलेला ड्रायव्हर म्हणाला. त्याचं नाव तातोबा. "वाघजाई टेकडीवरच्या क्लबातली. म्हातारी मेंबरं हिच्यात बसून आपापला चेंडू हुडकाय जात्यात."

गाडी मागून पार बसली होती, कुत्रं बसतं तशी. मूळ दोन माणसांची गाडी. क्लबानं मागच्या बाजूला आणखी दोघांची सीट ठोकली होती आणि त्या वजनानं मागचे पाटे सपाट झाले होते. चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, खड्ड्यांचा मार स्वतः खाणाऱ्या, त्यांना पाटे म्हणतात. हायवेला आमची पाट्यांचीच शेड आहे. ट्रक, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांचे पाटे आम्ही करतो. गोल्फकार्ट मात्र पहिल्यांदाच आली होती.

मी खाली वाकून जुन्या पाट्याच्या दोन भोकांमधलं अंतर मोजत होते. तेवढ्यात एक मोटार थांबली आणि मागून आवाज आला, "कोण आहे इथे? कारागीर कोण आहे?"

एवढ्या मोठ्यानं बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. हातातला टेप सुटून पडला. बावीस वर्षं झाली होती, पण आवाज तोच होता. विश्वनाथ मिणचेकर. माझ्या आयुष्याचं ज्यानं मातेरं केलं तो मिणचेकरसाहेब.

तेव्हा मी पाट्यांच्या एका कारखान्यात तपासनीस होते. पाटा तारेला टांगायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. धड पाटा घंटेसारखा वाजतो, चीर गेलेला बद्द वाजतो. वाजला की त्यावर आपल्या नंबराचा ठसा मारायचा. माझा नंबर सतरा. माझा कान आबांनी, माझ्या वडिलांनी, लहानपणापासून तयार केलेला. त्या खात्याचे साहेब हे मिणचेकर. एकदा नणंदेच्या साखरपुड्यासाठी मला दोन दिवस रजा हवी होती. साहेब म्हणाले, "रजा कशाला टाकतेस लोहारीणबाई? जा तू, हजेरी मी लावून ठेवतो." मला वाटलं, केवढा भला माणूस. मी गेले.

त्या दोन दिवसांत चाळीस पाटे बाहेर पडले, त्यांच्यावर सतरा नंबरचा ठसा. महिन्याभरात त्यातले काही तुटले, उसाची ट्रॉली उलटली आणि ड्रायव्हरचा पाय मांडीपासून कापावा लागला. चौकशीत मी ओरडून सांगितलं की मी त्या दिवशी नव्हतेच. पण हजेरीपत्रकावर मी होते. मिणचेकर टेबलाच्या पलीकडे बसून कागद चाळत राहिला, मान वर केली नाही. मला काढून टाकलं. हायवेवर सगळीकडे बोभाटा झाला, लोहाराच्या पोरीनं चिरलेले पाटे पास केले.

तेही मी सोसलं असतं. पण आबांच्या ह्या शेडवर आले तर त्यांनी विचारलं, "पोरी, खरंच वाजवलं हुतंस का न्हाई?" मी म्हटलं, "आबा, मी तिथं नव्हतेच." ते म्हणाले, "हजेरी तर लागलीया." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि स्वतःची चिंचेच्या दांड्याची हातोडी मला परत कधी हातात दिली नाही. शेडमध्ये पाटे वाकवायची मी, तापवायची मी, तेलात बुडवायची मी, आणि शेवटी वाजवून बघणार आबा. बावीस वर्षं, गिऱ्हाइकांच्या देखत.

तो माणूस आता माझ्या शेडमध्ये उभा होता, पांढरी टोपी घालून. त्यानं मला ओळखलं नाही.

"मी मिणचेकर, क्लबचा सेक्रेटरी. पाट्यांमध्ये बत्तीस वर्षं गेली माझी, तेव्हा मला शिकवू नका," तो म्हणाला. त्याच्याबरोबर क्लबाच्या कमिटीतल्या डॉक्टर उमराणी होत्या, हाडांच्या डॉक्टर.

"फार कडक नकोत हं," त्या म्हणाल्या. "माझे निम्मे पेशंट ह्याच गाडीत बसतात."

"डॉक्टर, हाडं तुमची, पोलाद माझं."

मी त्याच्या पाठीमागे होते. तातोबाला विचारलं, "मागं रोज दोघं बसत्यात का कवातरी?"

"आईतवारी बसत्यात. येरवी मोकळंच."

"मग साहेब, एकेका बाजूला तीनच पाटे घाला. चार घातलेसा तर मोकळी गाडी उडंल, खड्ड्याखड्ड्यात माणसाची पाठ धरंल."

साहेबानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "चार पाट्यांचे करा. दोन्ही बाजूंना मिळून आठ."

"त्या ताई काहीतरी सांगतायत," डॉक्टर म्हणाल्या.

"चार म्हणजे चार."

माझ्या अंगाची लाही झाली. कारखान्यातही हा असाच. मागून हाक मारली तर ओ द्यायचा नाही. आम्ही बायका म्हणायचो, घमेंड आहे मेल्याला.

मग तो शेडच्या तोंडाशी गेला. तिथे तारेला दोन पाटे टांगलेले असतात, ही आबांची पद्धत. एक खोटा, चीर गेलेला, आणि एक खरा. नव्या गिऱ्हाइकाला आधी खोटा ऐकवायचा, मग खरा, म्हणजे त्याला फरक कळतो. बाया माठ घेताना टिचकी मारून बघतात, तसंच. शेजारच्या बाजल्यावर आबा पाय हलवत बसले होते. ऐंशी ओलांडलेले, डोळे अधू, कान मात्र मांजरासारखे.

साहेबानं आबांच्या मांडीवरची हातोडी न विचारता उचलली. खोट्या पाट्यावर मारली. बद्द. खऱ्यावर मारली. टणणण. आणि डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? दोन्ही एकदम खणखणीत. काम चांगलं दिसतंय."

तातोबानं माझ्याकडे पाहिलं. ट्रकवर जन्म गेलेला माणूस, त्याला कळलं होतं. आबांनी कपाळाला आठी घातली. मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरेना. ह्याचे कान गेले होते! साठी उलटली, बहिरा झाला, आणि अजून बत्तीस वर्षांच्या बाता मारत हिंडत होता.

"परवा माल घ्यायला येतो," तो म्हणाला. "मी स्वतः वाजवून घेईन. दुसऱ्याच्या तपासणीवर माझा विश्वास नाही."

त्याचं हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आबा जेवून आडवे झाल्यावर, मी भट्टी लावली. पट्टी लाल झाली की कमानीसारखी वाकवायची आणि तशीच तेलात बुडवायची. थंड पाण्यात बुडवली तर पोलाद आतून तडकतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सात पट्ट्या मी तेलात बुडवल्या. आठवी पाण्याच्या पिंपात घातली.

टिच्च, असा बारीक आवाज आला. मालक भाता सोडून धावत आले.

"काय केलंस हे? येडी का खुळी?"

"मिणचेकराचा पाटा हाय ह्यो."

त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. पट्टी पुसून त्यांनी उजेडात धरली. चीर डोळ्यांना दिसत नव्हती, इतकी बारीक. "आन् ह्यो त्याच्या गाडीत घालणार?"

"तो वाजवून घेणार हाय. सही करून घेणार हाय. उद्या टेकडीच्या उतारावर तुटला तर बोलू द्या की, लोहारीण खोटी म्हणून. सही कुणाची असंल?"

"आन् गाडी चालवतंय कोण? तातोबा."

खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला तातोबाची पर्वा नव्हती. मला मिणचेकर त्या उतारावर हवा होता, हातात तुटका पाटा घेऊन, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघताना. रात्री जेवण गोड लागलं. बावीस वर्षांत तसं लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. आठही पाटे मी तारेवर ओळीनं टांगून ठेवले होते. पाण्यात बुडवलेला पाचवा.

आबा हातोडी घेऊन उठायला लागले तसा साहेब म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही बसा. हातोडी द्या इकडे."

आबांनी ती दिली. मला बावीस वर्षं न मिळालेली हातोडी ह्याला दुसऱ्यांदा मिळाली.

"साहेब," मी त्याच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हटलं, "वाजला की त्याच्यावर सही करा. आमच्यात तशी रीत हाय." रीत कसली, मी आदल्या दिवशीच काढली होती. पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश मी पुढे केला.

त्याला ते फार आवडलं. "वा, शिस्त आहे!"

पहिला टणणण वाजला. त्यानं मान डोलावली आणि झोकात सही केली, मिणचेकर, खाली रेघ. दुसरा, तिसरा, चौथा. मग पाचवा.

बद्द.

फुटक्या घागरीसारखा. डॉक्टरबाईंनी भुवया वर केल्या, पण बत्तीस वर्षं पाट्यांत घालवलेल्या माणसाला हाडांच्या डॉक्टरनं काय सांगायचं? साहेबानं मान डोलावली. सही केली. रेघ ओढली.

मी आबांकडे पाहिलं. त्यांचा हलणारा पाय थांबला होता. अधू डोळ्यांनी ते नुसते माझ्या दिशेनं बघत राहिले. मला कळलं, हा म्हातारा वाट बघतोय. पोरगी हा पाटा जाऊ देते का, ते बघतोय. म्हणजे आजही, त्याच्या मनात, मी तीच होते, चिरलेले पाटे पास करणारी.

सहावा, सातवा, आठवा. सगळ्यांवर सह्या झाल्या. मालक पाटे जुळवायला पुढे आले, पण त्यांचा हात पाचव्यापाशी थबकला. तातोबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वैनी, उतारावर धरंल नव्हं? माझा भरोसा तुमच्यावरच हाय."

ह्या माणसानंही तो बद्द आवाज ऐकला होता. ऐकून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अवो," मी मालकांना म्हटलं, "रॉकेल आणा. आन् खडू."

साहेबानं विचारलं, "आता काय?"

"आठी पाटे चांगले हाईत, साहेब?"

"सगळे."

"पाचवासुद्धा?"

"बाई, बत्तीस वर्षं..."

मी पाचवा पाटा काढून ऐरणीवर ठेवला. त्यावर रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडा पुसला आणि वरून पांढऱ्या खडूची भुकटी लावली. ही आबांचीच युक्ती. चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडू ओला करतं. सगळे वाकून बघायला लागले. आधी काहीच नव्हतं. मग पिवळ्या सहीच्या खालून एक काळी बारीक रेघ उगवली आणि केसासारखी लांबत लांबत पाट्याच्या अर्ध्यापर्यंत गेली.

"हे... डाग आहे हा," साहेब म्हणाला.

"चीर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मलासुद्धा ह्याचा आवाज वेगळा आला होता."

तो काही बोलणार तेवढ्यात मी पदर तोंडावर धरला. पदराआडून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "साहेब, सतरा नंबरची द्वारका लोहार आठवती का?"

त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. पदरावर. काही दिसेना म्हणून तो इकडेतिकडे बघायला लागला.

"काय म्हणाले मी, साहेब?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो मिणचेकर, तुम्हाला..." आणि थांबल्या. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला त्याचा एकेक रंग बघताना सुख झालं. ते सुख मी अजून विसरले नाही आणि त्याची लाजही वाटत नाही.

मग मी पदर काढला आणि त्याच्या नाकासमोर जाऊन एकेक शब्द तोडून म्हटलं, "सतरा. नंबर. द्वारका. लोहार."

ह्या वेळी कळलं. तो जुन्या टायरवर जाऊन बसला.

"कवापासनं ऐकू येत न्हाई?"

तो पहिल्यांदाच हळू बोलला. "मोठ्या हातोड्यांच्या खात्यात अकरा वर्षं काढली मी. चाळिशीच्या आधीच गेले कान. ओठ बघून भागवायचो."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. चाळिशीच्या आधी! म्हणजे माझ्या वेळी तो बहिराच होता. तो मोठा आवाज, ते ओ न देणं. मी बावीस वर्षं धरून चालले होते की माल वेळेत धाडण्यासाठी त्यानं चिरलेले पाटे जाणूनबुजून पुढे ढकलले.

"ते चाळीस पाटे?"

"मीच वाजवले. हाताला ठीक लागले. मला खरंच चांगले वाटले होते. ठसा तुझ्या ड्रॉवरमधला घेतला. तू नव्हतीस ना त्या दिवशी."

"मग चौकशीत हे बोललं का न्हाईसा?"

"बोललो असतो तर कान तपासले असते माझे. साहेबकी गेली असती. मला घरदार होतं."

"आन् मला?"

ते त्यानं ओठांवर वाचलं आणि तोंड ऐरणीकडे फिरवलं.

बाजल्यावरून आबांचा आवाज आला. "सायेब, ते परत एकदा बोला."

साहेबाचं तिकडे लक्ष नव्हतं. तातोबानं त्याचा खांदा धरून त्याला वळवलं. आबा उठून उभे राहिले होते. "माझे कान शाबूत हाईत. तरी परत बोला. मोठ्यानं."

"ती नव्हती," मिणचेकर म्हणाला. "हजेरी मी लावली होती. तिचा काही दोष नव्हता."

आबा चाचपडत ऐरणीपाशी आले. साहेबाच्या हातातून त्यांनी हातोडी काढून घेतली आणि माझ्यापुढे धरली. "घे, द्वारके. उरलेले सात वाजव."

ह्या क्षणाची मी बावीस वर्षं वाट पाहिली होती. मला वाटायचं, तो आला की मी रडेन, आबांच्या पाया पडेन. पण मला फक्त राग आला, नवाकोरा. ह्या बहिऱ्याचं मला समजलं. ज्याला बाहेर टाचणी पडलेली ऐकू येते त्याचं समजेना.

मी हातोडी घेतली नाही. म्हटलं, "आबा, मी तिथं नव्हते, हे मी त्याच दिवशी बोलले हुते. तवा तुमास्नी ऐकू आलं न्हाई व्हय?"

आबा तसेच हात पुढे करून उभे राहिले. मी त्यांना उभं राहू दिलं. मालक म्हणाले, "अगं, घे की." तरी मी राहू दिलं. शेवटी त्यांचा हात खाली यायला लागला तेव्हा मी हातोडी धरली.

सात पाटे मी वाजवले. सगळे धड होते. मग डॉक्टरबाईंना विचारलं, "तीन घालू का चार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते." मी दोन्ही बाजूंना तीन-तीन घातले. एक उरला. आणि पाचवा उरला.

नंतर तातोबाकडून कळलं की मिणचेकरानं क्लब सोडला. आबा त्याच वर्षी गेले. जाईपर्यंत एकही पाटा त्यांनी वाजवला नाही. गिऱ्हाइकानं हातोडी पुढे केली की म्हणायचे, "ते आमच्या द्वारकेला विचारा." मी त्यांना माफ केलं का? रोज वाटी भरून खीर करून घातली. माफ केलं की नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

पाचवा पाटा मी शेडच्या तोंडाशी टांगला, आबांचा जुना खोटा पाटा काढून त्याच्या जागी. गेली नऊ वर्षं प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी तो वाजवतं, बद्द, आणि त्यावरचं नाव वाचून विचारतं, हा मिणचेकर कोण? मी सांगते. सगळं सांगते.

गेल्या वर्षी त्याचा मुलगा आला होता. चांगला, सभ्य माणूस. हात जोडून म्हणाला, "बाबा आता नाहीत. तेवढं नाव पुसून टाका, ताई."

मी त्याला चहा पाजला. म्हटलं, "माझ्या नावावरचा डाग पुसायला बावीस वर्षं लागली, दादा. ह्याची आठच झालीत. आणखी चौदा वर्षांनी या."

तो गेला. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली, हळदकुंकू वाहिलं. ऊनपावसात ती पिवळी सही फिकट झाली होती. मी रंगाचा डबा उघडला आणि दर वर्षीसारखी ती नीट गिरवली, खालच्या रेघेसकट.